चुलीपर्यंतची चढण

हिमालयातून परत येऊन महिना होत आला, पण जिना उतरताना उजवा गुडघा अजून कुरकुरतो. शुगर लँडमध्ये जो भेटतो तो फोटो मागतो. किराणा दुकानात, पिकनिकला, डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्येसुद्धा. "यार, तू तर कमालच केलीस!" असं म्हणून लोक माझ्या फोनसाठी हात पुढे करतात. मी दाखवते. मागे बर्फाचं शिखर आणि पुढे माझी लेक मैत्री, दोन बोटं वर करून. लोक 'वॉव' म्हणतात आणि फोन परत देतात. त्या फोटोंमध्ये मी कुठेच नाही, कारण शिखर दिसत होतं तेव्हा मी बहुतेक कंबरेवर हात ठेवून जमिनीकडे बघत श्वास घेत होते.

ट्रेक आठवडाभराचा होता. मी लिहिणार आहे ते त्यातल्या एकाच दिवसाबद्दल. बाकीचे दिवस छान गेले आणि छान दिवसांबद्दल बोलायला फोटो पुरेसे आहेत. उत्तराखंडातल्या ज्या गावांमधून आम्ही त्या दिवशी चाललो, त्यांची नावं मी मुद्दाम देत नाही. कुणाला तिकडे जावंसं वाटलंच तर त्यांनी ती गावं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावीत, माझ्या रागातून नको.

आधी आमच्याबद्दल. मैत्री या वर्षी हायस्कूलमधून ग्रॅज्युएट झाली. तिच्या मैत्रिणींपैकी कुणी गिफ्ट म्हणून गाडी मागितली, कुणी क्रूझ. हिने हिमालय मागितला. "रिसॉर्ट नको, आई. मला व्हिलेजेसमधून चालायचंय." माझा नवरा सिद्धार्थ पाठीचं दुखणं पुढे करून मोकळा झाला आणि पन्नाशी ओलांडलेली, पाइपलाइन कंपनीत खुर्चीवर बसून इंजिनियरिंग करणारी मी तिच्याबरोबर निघाले. शुगर लँडमध्ये चढ नावाची गोष्टच नाही. फ्रीवेवरचा पूल हाच काय तो आमचा डोंगर. म्हणून मी ऑफिसच्या पार्किंग गराजच्या रॅम्पवर पाठीला सॅक लावून वरखाली करायचे, आणि तिथला सिक्युरिटीवाला दरवेळी काळजीने विचारायचा की माझी गाडी हरवली आहे का.

आम्ही मूळ नागपूरचे, बौद्ध. दर एप्रिलला ह्यूस्टनच्या आसपासची आमची काही कुटुंबं कम्युनिटी सेंटरचा हॉल घेऊन जयंती करतात. मैत्री लहानपणापासून तिथे भाषण करते, हल्ली स्लाइड्सही दाखवते. अस्पृश्यता कशी असायची हे तिला तारखांसकट पाठ आहे. पण तिच्या अंगाला ती कधी लागलेली नाही, असा माझा ठाम समज होता. माझ्या अंगाला लागली होती. लेकीच्या लागू नये म्हणूनच आम्ही इतक्या लांब येऊन घर केलं, असं म्हटलं तरी चालेल. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी माझ्या पाठीवर जे खरं ओझं होतं ते हेच होतं. सॅक नुसती नावाला.

अंगणातून जाणारी वाट

सकाळी निघालो तेव्हा ऊन कोवळं होतं आणि पाय आदल्या दिवसाचेच होते. आमचे गाइड बलबीरभाई त्याच खोऱ्यातले, चाळिशीचे, बोलायला गोड. त्यांच्यात एकच खोट. पुढचं गाव किती लांब असं विचारलं की ते कायम म्हणणार, "बस मैडम, थोड़ा-सा." हे थोडंसं कधी टेकडीच्या वळणामागे असायचं, कधी अख्ख्या दरीच्या पलीकडे. दुसऱ्या दिवसापासून मी विचारणं सोडलं होतं.

टेक्सासमध्ये आम्ही स्टेट पार्कात फिरायला जातो तेव्हा ट्रेलवर पाट्या असतात, नकाशे असतात, दमलेल्या माणसासाठी बाक असतात. आणि ट्रेल सोडून कुणाच्या जमिनीत पाऊल पडलं तर काय होईल हे सांगणाऱ्याही पाट्या असतात. इथे वाट सरळ लोकांच्या अंगणातून जाते. एका घराच्या अंगणात गहू झोडत होते, त्या कोंड्यातून आम्ही चाललो. दुसऱ्या घराच्या ओट्यावर जर्दाळू वाळत घातले होते, ते ओलांडायला एका बाईंनी मैत्रीचा हात धरला. कुणाच्या तरी न्हाणीशेजारून, कुणाच्या गोठ्यामागून, पाटीच्या दगडांच्या छपरांखालून वाट जात राहते, आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. उलट प्रत्येक अंगणात कुणीतरी विचारतं, "चाय पियोगे?" मैत्री एवढी हरखली होती की दर घरापाशी थांबत होती. मीही थांबत होते, माझी कारणं वेगळी.

चहाबरोबर प्रश्न यायचे. कहाँ से आए? अमेरिका से. अच्छा, पर असल में? नागपुर. नागपुर में कौन हुए आप लोग?

हा तिसरा प्रश्न मला नवा नव्हता. तो इथे सरळ विचारतात, एवढाच फरक. अमेरिकेतला आपला माणूस फार सभ्य असतो, तो जात विचारत नाही. तो आडनाव विचारतो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून पटकन अंदाज येत नाही, मग तो विचारतो, नागपुरात नेमकं कुठे? कोणत्या भागात? घरी गणपती बसतो का? मी वीस वर्षं या प्रश्नांना हसून उत्तरं देत आले आहे, आणि खरं सांगायचं तर आता त्याचा कंटाळा आलाय. रागासाठी अंगात जोर लागतो. पहिल्या गावात ज्या बाईंनी हे विचारलं त्यांना मी म्हटलं, "इंजीनियर हैं, दीदी." त्या हसल्या आणि त्यांनी चहा आणखी थोडा ओतला.

खाजकुयलीची बहीण

पहिल्या गावानंतर बांज आणि बुरांशचं दाट रान लागलं. बांज म्हणजे तिकडचा ओक, बुरांश म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. सावली गार होती, वाट उभी होती. काफळाची झाडं लालेलाल झाली होती. करवंदाएवढी फळं, आंबटगोड, बी मोठी. बलबीरभाईंनी फांदी वाकवून धरली आणि मैत्री ओंजळभर तोडून खात सुटली. मी तिला पाण्याने धुऊन खा म्हणाले, तर ती म्हणाली, "आई, प्लीज. वी आर इन अ फॉरेस्ट."

पुढच्या वळणावर तिचा पाय घसरला आणि तिने आधाराला बांधावरचं हिरवंगार झुडूप धरलं. जी किंचाळली! ती कंडाळी होती, आपल्या खाजकुयलीची मोठी बहीण शोभेल अशी. तळहाताला बारीक पुरळ उठले. बलबीरभाईंनी ओढ्याकाठचा कुठलातरी पाला चोळून लावला आणि हसू दाबत सांगितलं, "मैडम, इसकी सब्ज़ी बहुत अच्छी बनती है." मैत्रीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पाठ फिरवून पुढची वाट धरली.

दुपारपर्यंत माझी अवस्था अशी झाली होती की मला रान, ओढा, पक्षी यातलं काही दिसत नव्हतं. मला फक्त बलबीरभाईंचे बूट दिसत होते. ते उचलले की मी माझे उचलायचे. आपण कशासाठी चालतोय, हा प्रश्न दर चढणीला मनात यायचा आणि उत्तर द्यायला दम शिल्लक नसायचा. मैत्री मात्र पुढे जाऊन परत मागे यायची आणि माझ्या तोंडापुढे पाण्याची बाटली धरायची. तिच्या लहानपणी सॉकरच्या मैदानावर मी हेच करायचे.

गारा

खिंड ओलांडून उताराला लागलो आणि ढग खाली आले. आधी थेंब, मग वारा, मग गारा. हरभऱ्याएवढ्या, मग चांगल्या बोराएवढ्या. आसरा नव्हता. आमचा मुक्काम अजून बराच खाली होता. एका ओढ्यावर ओंडका टाकलेला होता, तो ओलांडताना मैत्री पाण्यात पडली. पाणी गुडघाभरच होतं, पण बर्फाचं. ती छातीपर्यंत भिजून वर आली. "आय अ‍ॅम फाइन, आय अ‍ॅम फाइन," म्हणत राहिली आणि थोड्या वेळाने तेही म्हणेना. दात वाजत होते. ओठ निळसर झाले. तिला कोरडं जॅकेट घालायचं तर सॅकमधलं सगळं भिजलेलं. मी तिचे हात चोळत होते आणि माझेच हात एवढे गार होते की त्याचा काही उपयोग नव्हता.

तेव्हा मी खरी घाबरले. कुठल्याही आईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

"ऊपर एक घर है," बलबीरभाई म्हणाले. "बोडी रहती हैं. चूल्हा जलता होगा." बोडी म्हणजे मोठी काकू. मग ते थोडे घुटमळले. "मैडम, आप कुछ मत बोलना. मैं बोल दूँगा."

मी विचारलं नाही, काय बोलणार म्हणून. मला कळलं होतं. आणि मी हो म्हटलं.

बोडींचं घर

घर जुनं होतं, दगडाचं. खाली गुरं, वर माणसं. बोडी दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, नाकात सोन्याची मोठी फुली, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मैत्रीची अवस्था बघून त्या एक पायरी खाली आल्या आणि थबकल्या. बलबीरभाईंना त्यांनी गढवालीत काहीतरी विचारलं. उत्तर हिंदीत आलं, माझ्यासाठीच असावं: "अमेरिका के हैं, बोडी. पंडित लोग हैं."

बोडींनी माझ्याकडे पाहिलं. "पंडित?"

माझी मान हलली. ती होकाराने हलली की थंडीने, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. बोडी बाजूला झाल्या आणि आम्ही थेट स्वयंपाकघरात गेलो, चुलीपाशी.

त्या बाईंनी माझ्या लेकीसाठी जे केलं ते मी विसरणार नाही. ओले कपडे उतरवून तिला स्वतःचा लोकरीचा अंगरखा घातला, स्वतःचे मोजे घातले. तिचे पाय मांडीवर घेऊन मोहरीच्या तेलाने चोळले. नातीशी बोलावं तशा गढवालीत बोलत होत्या, आणि मैत्री, जिला हिंदीही धड येत नाही, ती "हाँ दादी, हाँ दादी" करत होती. हळूहळू तिच्या ओठांचा रंग परतला. मग जेवण आलं. मंडुव्याची भाकरी, म्हणजे आपली नाचणीचीच, वर पांढरं लोणी. गहतची डाळ, तीही तोंडात घातली आणि ओळखीची निघाली, आपला कुळीथ. आणि कंडाळीची भाजी. मैत्रीने पुरळ आलेल्या हाताने ती दोनदा मागून घेतली. नागपूरहून इतकी वर्षं लांब राहून मी जगभरच्या हॉटेलांत जेवले आहे, पण एवढं चवीचं जेवण आठवत नाही. दर घासाला वाटत होतं, आपण हे चोरून खातोय.

जेवण झाल्यावर ते घडलं. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना एक वळण पक्कं लावलेलं असतं: कुणाच्या घरी जेवलात की आपलं ताट उचलायचं, सिंकपर्यंत न्यायचं, जमलं तर धुऊन टाकायचं. मीच लावलेलं. मैत्री उठली. आमची तिघांची ताटं, पेले गोळा केले, अंगणातल्या नळाच्या धारेखाली नेले, राखेने घासले आणि ओट्याच्या कडेला पालथे मांडून ठेवले. गारा थांबल्या होत्या. ती ओल्या हातांनी हसत दारात आली.

बोडी उभ्याच राहिल्या. त्यांच्या मुलखात पाहुणा ताटाला हात लावत नाही. जेवून आपलं ताट आपण धुऊन अंगणात पालथं घालणारी माणसं वेगळी असतात. ती कोण, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. माझे आजोबा तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीवर असंच करायचे. त्यांचा कप वेगळा असायचा, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला.

"इसने बरतन क्यों धोए?" बोडींनी विचारलं.

बलबीरभाई चटकन म्हणाले, "अमेरिका में सब धोते हैं, बोडी. वहाँ यही रिवाज है."

हे खरं होतं! यात लबाडी नव्हती. बोडी खळखळून हसल्या. सुटलो, असं मला वाटलं. एवढ्यावर ते निभावलं असतं, आम्ही कपडे वाळवून, नमस्कार करून खाली उतरलो असतो, आणि मी तुम्हाला शिखराचे फोटो दाखवत बसले असते. पण बोडींनी मैत्रीची हनुवटी धरली आणि प्रेमाने म्हणाल्या, "मैं तो देखते ही समझ गई थी. शकल से ही पता चल जाता है, ऊँची जात की बेटी है. नीचे टोले वालों को तो मैं देहरी पर भी ना चढ़ने दूँ."

मी फार थकले होते. शूरपणाने बोलले असं कुणी समजू नये. उलट, आणखी एक खोटं उचलून खाली न्यायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी म्हटलं, "हम पंडित नहीं हैं. हम बौद्ध हैं."

"लामा?" बोडींनी मैत्रीच्या नाकाडोळ्यांकडे पुन्हा बघितलं. तिबेटकडचे वाटत तर नाहीत, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"नहीं. मेरे दादा महार थे."

बोडींनी बलबीरभाईंकडे बघितलं. बलबीरभाईंनी खांदे उडवले. महार हा शब्द त्या डोंगरात कधी पोचलेलाच नव्हता. इतक्या वर्षांनी मी तो मोठ्याने उच्चारला, आणि उच्चारला तो अशा ठिकाणी की त्याचा अर्थ कुणालाच माहीत नाही! अजूनही गप्प बसता आलं असतं. मला माझी जात कुणाला तरी समजावून द्यावी लागेल, अशी वेळ येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. माझ्या आजोबांना ही अडचण कधीच आली नसणार.

"आपके गाँव में जो नीचे टोले में रहते हैं ना, बोडी," मी म्हटलं, "हम वो हैं."

चुलीतलं लाकूड तडतडलं. बलबीरभाई बाहेर अंगणात गेले. बोडींचा चेहरा रागाचा नव्हता, तो मी नीट बघितला. एखाद्या माणसाने जिन्याची शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसा तो चेहरा होता. मग त्या बाहेर गेल्या, ओट्यावरची आमची ताटं, पेले चिमट्याने एकेक उचलून आणले आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर ठेवले. स्टील काळवंडायला लागलं. त्या दाराशी जाऊन बसल्या, आमच्यापासून जितकं लांब बसता येईल तितक्या.

मैत्रीने हे सगळं मान वळवून बघितलं. "आई, शी इज स्टरलाइझिंग देम?"

मी तिच्याकडे बघितलं. अंगात बोडींचा अंगरखा, पायात बोडींचे मोजे, गालांवर आत्ता कुठे परतलेला लालसर रंग. मी म्हटलं, "हो."

"स्मार्ट," मैत्री म्हणाली आणि निखाऱ्यांकडे बघत राहिली.

बोडींनी आम्हाला चुलीपासून उठवलं नाही, हेही लिहून ठेवते, कारण सगळं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं. कपडे वाळेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. निघताना मैत्री अंगरखा उतरवायला लागली तर त्यांनी दारातूनच हात हलवला. "पहन के जाओ, ठंड है. लौटाना मत." आता आम्ही वापरलेला अंगरखा त्यांना नको होता, की आत्ता कुठे ऊब आलेल्या पोरीने गारठ्यात उघडं जाऊ नये असं वाटत होतं? मला तेव्हाही कळलं नाही. दोन्ही खरं असेल. माझ्या नमस्काराला त्यांनी उत्तर दिलं नाही. मैत्रीच्या दिलं.

उतार

खाली जाणारी वाट दगडी पायऱ्यांची होती आणि गारांचा चिखल झाला होता. ऊन पुन्हा आलं होतं. समोरचा डोंगर धुऊन निघाल्यासारखा दिसत होता आणि मला त्याच्याकडे बघायचंही नव्हतं. बलबीरभाई माझ्या बाजूने चालू लागले.

"मैडम, बुरा मत मानना. बच्ची ठंड में थी. ऐसे में जात कौन देखता है, इसलिए बोल दिया."

जात कोण बघतं म्हणून जात सांगितली. मला हसू आलं आणि ते पुरतं हसताही आलं नाही. मी म्हटलं, "आपने ठीक किया, भाई." त्यांचा हेतू चांगला होता आणि माझी लेक उबेत बसली होती, त्यामुळे मला वेगळं काही म्हणता येईना. ते पुढे निघून गेले.

मी हिशोब करत होते की मैत्रीला कधी सांगायचं. रात्री, मुक्कामावर? विमानात? की सांगायचंच नाही? तिच्या आठवणीत ही एक प्रेमळ आजी राहू दे, नाचणीची भाकरी आणि लोणी राहू दे. एक दिवस तरी राहू दे. मी इतकी वर्षं याच एका गोष्टीसाठी खपले होते.

मैत्री माझ्यासाठी थांबली होती. माझा दंड धरून तिने मला एक निसरडी पायरी उतरवलं आणि म्हणाली, "आई, मला कळलं होतं. प्लेट्सचं."

"काय कळलं होतं?"

"व्हाय शी बर्न्ड देम. मी स्टरलाइझ म्हटलं, बिकॉज तुझा चेहरा मला बघवत नव्हता. तुला एक्सप्लेन करायला लागू नये म्हणून."

मी थांबले. "तुला हिंदी कळत नाही."

"हिंदी कशाला पाहिजे?" ती थोडा वेळ पायरीवरचा चिखल बुटाने बाजूला करत राहिली. "मी फिफ्थ ग्रेडला होते तेव्हा नेहाकडे तिच्या आजी आल्या होत्या, आठवतं? पुण्याहून, विंटर ब्रेकला. त्यांनी मला विचारलं, तुझे ग्रँडपेरेंट्स नागपूरला कुठे राहतात. मी सांगितलं, बिकॉज तूच मला अ‍ॅड्रेस पाठ करायला लावलेला. तेव्हापासून मला पेपर प्लेट. नेहाला स्टीलची, तिच्या भावाला स्टीलची. मला आधी वाटलं, गेस्ट म्हणून. मग एकदा मी चुकून स्टीलचा ग्लास घेतला, तर आजींनी तो ट्रॅशमध्ये टाकला. नॉट द सिंक. ट्रॅशमध्ये."

नेहाचं घर आमच्याच रस्त्यावर आहे. तिच्या आईबरोबर मी कारपूल केलं आहे. आजींना मी काकू म्हणायचे, त्यांना शुगर लँडमध्ये करमत नाही म्हणून देवळात घेऊन गेले आहे, माझ्या गाडीतून. दर दिवाळीला मी त्या घरी चिवडा पाठवायचे. तो द्यायला मैत्रीच जायची. तो पुढे कुणी खाल्ला, की तोही त्या ग्लासाच्या मागे गेला, याचा मी आता विचार करत नाही असं म्हणते, आणि करते.

"मला का नाही सांगितलंस गं?" मी विचारलं.

"तू त्या घरी डबा भरताना किती हॅपी असायचीस," मैत्री म्हणाली. "आणि तू मला नेहमी सांगायचीस, आपल्याकडे इथे असं काही नसतं. आय डिडन्ट वॉन्ट टू बी द वन टू टेल यू."

मी त्या ओल्या पायरीवर बसले आणि रडले, चांगलं मोठ्याने. थकव्याने रडले असं बलबीरभाईंना वाटलं असेल, आणि ते काही खोटं नव्हतं. तिला हे लागू नये म्हणून मी जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिले होते, आणि मला लागू नये म्हणून ती दहा वर्षांची असल्यापासून गप्प होती. मैत्री माझ्या शेजारी बसली. तिने मला गप्प केलं नाही, घाई केली नाही. सॅकमधून भिजलेला टिश्यू काढून दिला, तो हातातच फाटला, आणि आम्ही दोघी त्याला हसलो.

मग मी नाक पुसलं आणि तिला विचारलं, "आणखी काय काय आहे?"

बलबीरभाईंनी खालून हाक मारली की मुक्काम आता बस थोडासा राहिला आहे, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं, खालच्या गावाची छपरं दिसत होती. पण आम्हाला तिथे पोचायला अंधार पडला, कारण मैत्रीकडे सांगण्यासारखं बरंच होतं.